पहिला घास मातीचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मळ्यात राबायचे, हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. त्यामुळे मातीच्या रसायनावर बोला म्हणून कार्यवाहांचा निरोप आला, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. अट एवढीच घातली की टेबलावर थोडा पसारा मांडू द्यावा. पुढच्या रांगेतल्यांनी चपला जरा मागे घ्याव्यात. माझ्याकडच्या बाटलीत आम्ल आहे.

मला सांगायचंय ते थोडक्यात असं आहे. शेतात खत पडलं की पहिला घास माती घेते आणि तिनं सोडलेलं पीक घेतं. दख्खनच्या काळ्या रानात तर हे फारच खरं आहे. माती किती ठेवून घेते, किती घट्ट धरते आणि कुणापुढे हात सैल करते, हे समजलं की खताच्या हिशेबातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. आपला सगळा हिशेब मात्र ‘किती पोती टाकली’ या एका आकड्याभोवती फिरतो.

मातीची ही पकड पहिल्यांदा नीट दिसली ती इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये. 1840 च्या दशकात तिथल्या एच. एस. थॉम्प्सन नावाच्या जमीनदाराला एक शंका छळत होती. शेणामुताच्या खतातला अमोनिया पावसाबरोबर वाहून जात असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? त्यांनी काचेच्या नळीत आपल्या शेतातली माती भरली, वरून अमोनियम सल्फेट घातलं, पाणी सोडलं आणि खाली काय गळतं ते तपासलं. सल्फेट खाली उतरलं होतं, अमोनिया बहुतेक सगळा वरच अडकला होता. सल्फेटच्या जोडीला खाली आलं होतं कॅल्शियम. भांड्यात जमा झालं ते चक्क जिप्सम.

थॉम्प्सन यांनी ही गोष्ट जे. थॉमस वे यांच्या कानावर घातली. वे हे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ. त्यांनी प्रयोगांचा धडाकाच लावला आणि 1850 आणि 1852 साली निष्कर्ष छापले. अमोनिया, पोटॅश, मॅग्नेशियम यांना माती धरते. त्यांच्या बदल्यात तेवढ्याच मापाचं कॅल्शियम सोडते. हा व्यवहार पाहता पाहता उरकतो. आणि तो करते ती मातीतली चिकण. नायट्रेट आणि क्लोराइड मात्र पाण्याबरोबर सरळ खाली निघून जातात. आज याला आपण धनभारित कणांची अदलाबदल म्हणतो. अणूची रचना कुणाला ठाऊक नसताना वे यांनी हे सगळं तराजू आणि नळ्यांच्या जोरावर शोधलं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच काळात जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग यांचा दबदबा होता. 1840 सालच्या त्यांच्या पुस्तकानं वनस्पती खनिजं खाऊन वाढतात हे युरोपभर पटवलं. सगळ्यांत कमी असलेलं द्रव्य पिकाची मर्यादा ठरवतं, हा नियमही त्यांच्या नावावर चालतो. तो त्यांच्याआधी कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडला होता, पण नाव झालं ते लीबिग यांचंच. तर या लीबिग यांनी 1845 च्या सुमारास आपल्या नावाचं खत बाजारात आणलं. पावसात ते वाहून जाऊ नये म्हणून त्यातली द्रव्यं भट्टीत वितळवून मुद्दाम न विरघळणारी केली. खत वाहून गेलं नाही, तसंच ते पिकालाही लागलं नाही. धरून ठेवण्याचं काम माती आधीपासून करते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. वे यांनी ते दाखवून दिल्यावरही बरीच वर्षं त्यांना पटलं नाही.

आता आपल्या रानाकडे येऊ. हे ढेकूळ कालव्याखालच्या एका भारी जमिनीतलं आहे. त्याचा बाप बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा खडक कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहानं भरलेला. सह्याद्रीच्या या बाजूला पाऊस बेताचा. खडक झिजून सुटं झालेलं कॅल्शियम धुऊन समुद्राला जाईल इतकं पाणी इथे कधी पडलंच नाही. ते इथेच साचलं, आणि त्याच्या सोबतीत जी चिकण तयार झाली तिला स्मेक्टाइट म्हणतात. पत्र्यावर पत्रा रचावा तसे तिचे अतिसूक्ष्म थर. त्यांच्या जडणघडणीत काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असल्यामुळे प्रत्येक पत्र्यावर ऋण भार उरतो. तो फेडायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, अमोनियम हे धनभारित कण पत्र्यांच्या मधल्या फटींत येऊन बसतात. पाणीही तिथेच शिरतं. म्हणून आपलं रान पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

शंभर ग्रॅम काळ्या मातीत असे कण धरायच्या चाळीस ते साठ मिलिइक्विव्हॅलंट जागा असतात. आकडा रुक्ष आहे, पण त्याचा एकराचा हिशेब करून पाहा: नांगर जातो तेवढ्या थरात, चिकणीला चिकटलेलं नुसतं कॅल्शियम सात-आठ टन भरतं. शिवाय चुनखडी वेगळी. ती दाखवण्यासाठीच ही बाटली. यात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. ढेकळावर थेंब टाकतो… मागच्या रांगेत ऐकू येतंय का? सोड्याची बाटली उघडावी तशी फसफस चाललीय. हा कार्बन डायऑक्साइड, आणि तो येतो चुनखडीतून. या ढेकळात पांढरे खडे नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. पण खडे न दिसणारी मातीसुद्धा आपल्याकडे अशीच बोलते. चुनखडी मातीत असेपर्यंत तिचा सामू (pH) आठच्या आसपास अडून राहतो. लिंबाएवढं आम्ल ओता की बादलीभर, चुनखडी ते गिळते आणि सामू होता तिथे येतो. ‘सामू कमी करणारं’ म्हणून जे काही छोट्या बाटल्यांतून विकलं जातं, ते विकत घेण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं.

एवढं कॅल्शियम असलेल्या घरात फॉस्फेटचं काय होतं ते आता सांगतो, कारण शेतकऱ्याचा सगळ्यांत महाग पैसा तिथे जिरतो.

सुपर फॉस्फेटचा दाणा ओल्या मातीत पडला की पाणी ओढून घेतो आणि त्यातलं विरघळणारं फॉस्फेट बाहेर पाझरतं. जाऊन जाऊन जातं किती? दोन-तीन सेंटिमीटर. तेवढ्यात त्याला कॅल्शियम गाठतं. आधी डायकॅल्शियम फॉस्फेट होतं, जे पिकाला थोडंफार मिळतं. मग हळूहळू अधिक कॅल्शियमची, अधिक अवघड संयुगं होत जातात आणि वर्षानुवर्षांनी त्याची वाट ॲपेटाइटकडे जाते, म्हणजे ज्या खनिजापासून कारखान्यानं ते खत बनवलं त्याच खनिजाकडे. टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या हाती साधारण पंधरा-वीस टक्केच लागतो. बाकीचा नाहीसा होत नाही, रानातच असतो, पण कुलपात. ज्यांच्या मळ्यात वडिलांपासून डीएपीची पोती पडत आली आहेत, त्यांच्या जमिनीत स्फुरदाची बऱ्यापैकी ठेव आहे, आणि दरवर्षी ते पुन्हा नवी पोती आणतात.

यावरचा एक उपाय आपल्या अवजारातच होता: दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. खत पडायचं बियाच्या शेजारी आणि दोन बोटं खाली. मातीशी गाठ कमी, मुळाशी गाठ लवकर. खत फोकून वखरपाळी घातली की प्रत्येक दाण्याभोवती चारी बाजूंनी कॅल्शियम. त्यात आणि पेरून दिलेल्या खतात फरक पडतो तो याच कारणानं. सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून द्यायची जुनी शिफारसही याच जातीची. कुजण्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं कॅल्शियमला गुंतवून ठेवतात आणि फॉस्फेटला थोडी उसंत मिळते.

दुसरा उपाय त्याहून जुना आहे, आणि तो मला जास्त आवडतो. थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्यातून चाललात तर पोटऱ्या चुरचुरतात. पानांवरच्या बारीक केसांच्या टोकाला आम्लाचे थेंब असतात. दव पडलं की ते त्यात उतरतात. रात्री पिकावर धुतलेलं पातळ फडकं अंथरायचं, उजाडता ते पिळायचं आणि जमलेली आंब बाटलीत भरून पोटदुखीला ठेवायची, ही रीत इथल्या कितीतरी घरांत होती. त्या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. आता गंमत पाहा: हरभरा हेच काम जमिनीखालीही करतो. त्याची मुळं सायट्रिक आणि मॅलिकसारखी आम्लं मातीत सोडतात, ती कॅल्शियमला धरतात आणि कुलपातलं फॉस्फेट मोकळं होतं. त्याच मातीत ज्वारीच्या मुळाला ते मिळत नसतं. हरभऱ्याचा बेवड चांगला, असं म्हणताना आपली माणसं गाठीतल्या नत्राचं श्रेय त्याला देतात. श्रेय खरं आहे, पण अर्धंच.

तुरीची तऱ्हा आणखी निराळी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या जपानी आणि इतर संशोधकांनी 1990 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की तांबड्या मातीत लोहाला जखडलेलं फॉस्फेट तुरीची मुळं सोडवून घेतात. त्यासाठी त्यांच्याकडे पिसिडिक आम्ल नावाचं खास हत्यार आहे. ज्वारी, बाजरी, मका, सोयाबीन यांना त्याच मातीत ते जमलं नाही. ज्वारीच्या चार-सहा ओळींनंतर एक तुरीची ओळ टाकणाऱ्या शेतकऱ्याला पिसिडिक आम्ल माहीत असायचं कारण नव्हतं.

सह्याद्री उतरून कोकणात गेलात तर चित्र उलटं. तिथे पाऊस इतका, की कॅल्शियम कधीच धुऊन गेलं आणि मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. माती आंबट. फॉस्फेट तिथेही अडकतंच, फक्त अडकवणारा बदलतो. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा, कवळं आणि शेण रचून राब भाजतात तो याच मातीत. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर 1912 मध्ये राबाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. राखेतला पोटॅश आणि स्फुरद, भाजल्यानं मातीत होणारे बदल, मेलेलं तणाचं बी, अशा अनेक गोष्टी राबात एकत्र येतात. त्यासाठी डोंगरावरची झाडं किती ओरबाडावी, हा वाद तेव्हाही होता; त्यात आज शिरत नाही. या मॅन यांच्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी लोह. आपल्या काळ्या मातीच्या शंभर किलोत लोह पाच-सहा किलो असतं. पिकाला अख्ख्या एकरात किलो-दोन किलो पुरतं. तरी चुनखडीच्या रानातला खोडवा पाहा: पोंग्यातून निघणारं नवं पान पिवळं, मग फिकट, मग जवळजवळ पांढरं, पान उजेडासमोर धरलं तर सुरुवातीला शिरा हिरव्या आणि मधल्या पट्ट्या पिवळ्या अशा उभ्या रेघा दिसतात. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. शेतकरी म्हणतो, उसावर केवडा पडला. नवी पानं आधी पिवळी पडतात यावरूनच ओळखायचं, की हे नत्राचं दुखणं नाही. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, लोहाच्या बाबतीत त्याला तसं करता येत नाही. तरीही केवड्यावर युरियाचं पोतं ओतणारे दरवर्षी भेटतात.

पाच किलोच्या कोठारात उपास घडतो, कारण लोहाची विद्राव्यता सामूवर लटकलेली आहे. सामू एकानं वाढला की विरघळलेलं फेरिक लोह हजारपटीनं घटतं. साडेसहाला जे मिळतं ते साडेआठला जवळपास नसतंच. त्यात चुनखडी आणि साचलेलं पाणी एकत्र आलं की मुळांभोवती बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांनी सोडलेलं आम्ल जागच्या जागी मरतं. ऊस, ज्वारी यांसारख्या गवताच्या कुळातल्या पिकांची मुळं लोहाला वेढून आणणारी खास द्रव्यं बाहेर सोडतात. द्राक्ष, भुईमूग यांचा मार्ग वेगळा. ती मुळाशी आम्ल सोडून लोहाचं रूप बदलून घेतात. दोन्ही मार्गांना चुनखडीचं रान जड जातं. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट) नुसती जमिनीवर टाकणं म्हणजे पैसे गंजायला घालणं. काही दिवसांत तिचा तांबूस गंज होतो. शेणखतात मिसळून, चांगली मुरवून सरीत दिली तर काही लोह सेंद्रिय द्रव्याच्या आडोशाला टिकतं. उभ्या पिकावर फवारणी करणं हा तातडीचा इलाज, आणि तो मातीला वळसा घालतो म्हणूनच लागू पडतो. पण फवारलेलं लोह त्याच पानांना पुरतं. आठवड्यानं नवं पान आलं की ते पुन्हा पिवळं.

नत्राबद्दल थोडक्यात बोलतो, त्यावर तुम्ही पुष्कळ ऐकलेलं असतं. युरियात 46 टक्के नत्र, पण युरिया म्हणून माती त्याला धरत नाही. युरिएज नावाचं विकर त्याचा आधी अमोनिया करतं. (हे विकर जेम्स समनर यांनी 1926 साली एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपात वेगळं केलं, आणि विकरं ही प्रथिनं असतात हे सिद्ध झालं, नोबेल मिळायला 1946 उजाडलं.) आठ-साडेआठ सामूच्या ओलसर रानात, वरच्यावर फोकलेल्या युरियातून हा अमोनिया हवेत उडतो. मातीआड केला की तोच अमोनियम होऊन चिकणीच्या पत्र्यांवर बसतो. थॉम्प्सन यांच्या नळीतला व्यवहार तो हाच. पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि मातीची पकड सुटते. मग ते पिकानं उचललं तर ठीक. पाटपाणी जास्त झालं तर ते विहिरीत जातं.

खतात जिवाणूंचाही वाटा असतो, आणि तो मोठा असतो. पाचटात कर्बाच्या मानानं नत्र फार कमी. ते गाडलं की कुजवणारे जिवाणू आपलं शरीर बांधायला मातीतलं नत्र उचलतात आणि पीक काही आठवडे पिवळं पडतं. एकदा असा अनुभव आला की शेतकरी काडी लावायला मोकळा. खरं तर पाचटावर थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि ओल एवढं दिलं तर जिवाणूंचं भागतं. कुजण्याचं हे गणित पद्धतशीर बसवलं गेलं इंदूरमध्ये. अल्बर्ट हॉवर्ड तिथल्या संस्थेत 1924 ते 1931 होते आणि इंदूर कंपोस्टमुळे त्यांचं नाव जगभर झालं. 1931 साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत वाड. हे रसायनतज्ज्ञ. शेतातला काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताची माती आणि राख यांचे थर कसे द्यायचे, ओल किती ठेवायची, ढीग कधी उलटायचा हे हॉवर्ड यांच्या जोडीनं त्यांनी प्रयोगानं ठरवलं. सेंद्रिय शेतीच्या सभांत हॉवर्ड यांचा फोटो दिसतो. वाड यांचा मी अजून पाहिलेला नाही.

आता मृदा आरोग्य पत्रिका. तिची योजना 2015 साली आली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म द्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ती वाचताना एवढं समजून घ्या, की स्फुरदाचा आकडा म्हणजे रानातला एकूण स्फुरद नव्हे. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवल्यावर जेवढा सुटला तेवढा. चुनखडीच्या जमिनींना चालेल अशी ही पद्धत स्टर्लिंग ओल्सेन यांनी कोलोरॅडोत बसवली, 1954 साली. लोह-जस्ताची पद्धतही तिथलीच, लिंडसे आणि नॉर्व्हेल यांची, 1978 ची. दोन्ही पद्धती मातीची पकड किती सैल आहे हे अदमासानं सांगतात, आणि तो अदमास चांगला आहे. नत्राचा रकाना मात्र मी फार मनावर घेत नाही. सुब्बय्या आणि असिजा यांची 1956 ची ती पद्धत; आपल्याकडच्या बहुतेक पत्रिकांवर तिचं उत्तर ‘कमी’ असंच येतं. सगळ्यांना सारखं उत्तर देणारी तपासणी खताची मात्रा ठरवायला काय कामाची? त्यापेक्षा सेंद्रिय कर्ब पाहा. तोही काळ्या रानात बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. रंगावरून फसू नका, काळी माती कर्बामुळे श्रीमंत आहे हा गैरसमज आहे.

पालाशाबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. स्मेक्टाइटच्या कृपेनं आपल्या भारी जमिनींत तो पुष्कळ धरलेला असतो, आणि वेळ थोडा आहे.

शेवटी सोडियम, म्हणजे या भागाचं घरचं दुखणं. मी बोलायला उभा राहण्यापूर्वीच इथे दोन ग्लासांत पाण्यात दोन ढेकळं टाकून ठेवली आहेत. उजवीकडचं विस्कटून तळाशी बसलंय, पण वरचं पाणी नितळ आहे. डावीकडच्या ग्लासात पाणी गढूळ, ताकासारखं, आणि उद्या सकाळीही ते असंच राहील. डावीकडची माती चोपण आहे. कॅल्शियमचा कण दोन भारांचा, तो चिकणीच्या कणांना एकमेकांशी बांधून ठेवतो. त्याच्या जागी सोडियम बसला की कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात, मातीची छिद्रं बुजवतात. पाणी खाली जात नाही, मुळाला हवा मिळत नाही. वाळलं की वर काळपट, तेलकट खपली, कारण उरलासुरला सेंद्रिय कर्बही सोडियम कार्बोनेटमध्ये विरघळून वर आलेला असतो. जिथे नुसतं पांढरं मीठ फुटलंय ते रान त्या मानानं बरं. ते धुता येतं.

हे दुखणं कालव्याबरोबर आलं. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला, 1876–77 च्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना. पाणी आलं, ऊस आला, उसाला पेंड आली. पंचवीस वर्षांत खोलगट भागातल्या जमिनी बसायला लागल्या. मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर अहवाल लिहिला. पाणी अपरंपार दिलं, खालचं पाणी वर चढलं आणि आपल्याबरोबर क्षार घेऊन आलं, हे तेव्हाच दिसत होतं. पुढे 1932 साली पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं आणि 1938 मध्ये बसू आणि सिरूर यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनींची वर्गवारी करून दिली. कोणत्या जमिनीला बारमाही पाणी सोसेल आणि कोणत्या नाही, हे त्यातून ठरवता येत होतं. ऊस कुठे लावायचा हे मात्र त्या वर्गवारीला विचारून कुणी ठरवलं नाही.

उपाय पुन्हा त्या यॉर्कशरच्या नळीतलाच, उलट्या बाजूनं. तिथे अमोनियमनं कॅल्शियमला हुसकलं आणि जिप्सम बाहेर पडलं. इथे जिप्सम आत घालून कॅल्शियमकडून सोडियमला हुसकवायचं. बाहेर पडतं सोडियम सल्फेट, ते पाण्यात सहज विरघळतं. चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं: जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते चुनखडीला खाऊन जिप्सम जागेवरच बनवतं. मळी आणि ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत यांनीही हातभार लागतो. पण सोडियम सल्फेट विरघळलं म्हणजे गेलं, असं नाही. त्याला शेताबाहेरची वाट लागते. ती नसेल तर ते खाली थांबतं आणि उन्हाळ्यात केशाकर्षणानं पुन्हा वर येतं, आणि चिकणीवरची जागा सोडियम परत बळकावतो. जिप्सम टाकून काही झालं नाही, असं सांगणाऱ्या दहा जणांच्या शेतात जाऊन पाहा. नऊ जणांकडे चर नसतो, किंवा होता तो बुजवून त्यावर ऊस लावलेला असतो.

जिप्समचा ट्रक एकट्याला मागवता येतो. निचरा एकट्याला करता येत नाही, कारण वरच्याचं पाणी खालच्याच्या रानातून ओढ्याला न्यावं लागतं, आणि खालचा म्हणतो माझी दोन गुंठे जागा चरात का घालवू? जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायची सोय आता आहे, त्यात जागा जात नाही, पण पाइपाचं तोंडही कुठेतरी उघडावं लागतंच, आणि ते ओढा गाळानं भरलेला असेल तर पाण्याखाली जातं. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ओढा साफ, मग बांधाला बांध लागलेल्यांची बैठक आणि उतार मोजणं, मग मुख्य चर, मग शेतातले पाइप. पाइपांतून पाणी वाहायला लागल्यावर मे महिन्यात जिप्सम टाकून वरच्या थरात मिसळा, बांध घालून पावसाचं पाणी रानात अडवा, आणि पहिलं वर्ष ऊस सोडून धैंचा घ्या.